खटल्याची लेखणी कोणाच्या हाती?

(बीड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

फौजदारी खटल्याचा निकाल न्यायाधीश देतो, ही समजूत पूर्णांशाने खरी नाही. न्यायाधीशासमोर कोणाला उभे करावयाचे, कोणत्या कलमाखाली उभे करावयाचे, कोणता पुरावा पुढे आणावयाचा, कोणत्या शिक्षेचा आग्रह धरावयाचा आणि कोणता खटला मध्येच सोडून द्यावयाचा, हे ठरविणारी एक लेखणी न्यायाधीशाच्या लेखणीच्या कितीतरी आधी चाललेली असते. ती कधी पोलीस ठाण्याच्या अंमलदाराच्या हाती असते, कधी सरकारी वकिलाच्या आणि पुष्कळदा मंत्रालयातील गृहखात्याच्या. निकालपत्र चारचौघांसमोर वाचले जाते, त्यावर अपील करता येते, वर्तमानपत्रे त्यावर टीका करू शकतात. या पहिल्या लेखणीने काय लिहिले आणि काय लिहावयाचे टाळले, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मागतो. बीड जिल्ह्याइतकी या प्रश्नाची निकड आज दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला भासावी?

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या झाली. त्याच्या तीन दिवस आधी गावाजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पावर भांडण झाले होते, तेथील दलित पहारेकऱ्याला मारहाण झाली होती आणि सरपंच त्यात मध्ये पडले होते. याच प्रकल्पाकडे दोन कोटी रुपयांची खंडणी मागितल्याची फिर्याद हत्येनंतर दाखल झाली. म्हणजे कागदावर तीन वेगवेगळे गुन्हे झाले: एक मारहाणीचा व ॲट्रॉसिटीचा, दुसरा खंडणीचा, तिसरा खुनाचा. हे तीन कागद वेगवेगळे राहिले असते तर न्यायालयापुढे तीन सुट्या घटना गेल्या असत्या. भांडणात मारामारी झाली, कोणी तरी पैसे मागितले, कोणी तरी खून केला. ते एकत्र जोडल्यावरच खंडणी, तिला झालेला अडथळा आणि अडथळा करणाऱ्याचा काटा काढणे ही साखळी उभी राहते. जानेवारी २०२५ मध्ये आरोपींवर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, लावण्यात आला आणि फेब्रुवारीअखेर राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे दोषारोपपत्र न्यायालयात गेले. ४ मार्च २०२५ रोजी मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. दोषारोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नव्हे. आरोप खरे की खोटे हे पुराव्यावरून न्यायालयानेच ठरवावयाचे असते. येथे मुद्दा निराळा आहे. तीन कागदांचा एक खटला होण्यासाठी काय काय करावे लागले, हा तो मुद्दा आहे.

त्यासाठी गावाला रस्त्यावर यावे लागले. डिसेंबरअखेर बीड शहरात प्रचंड मोर्चा निघाला. मृताच्या भावाला पाण्याच्या टाकीवर चढावे लागले. २५ फेब्रुवारीला मस्साजोगच्या ग्रामस्थांनी अन्नत्याग आरंभिला आणि दुसऱ्या दिवशी उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाल्याचे जाहीर झाले. ज्या जिल्ह्यात सरपंचाच्या खुनाचा खटला नीट उभा राहावा म्हणून गावाला उपाशी बसावे लागते, त्या जिल्ह्यात ऊसतोड मजुराच्या, पारध्याच्या किंवा परित्यक्ता स्त्रीच्या फिर्यादीचे काय होत असेल, याची कल्पना कार्यकर्त्यांनीच करावी.

विशेष वकिलाच्या मागणीचाही अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. निकम यांनी २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढविली होती आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नामनियुक्ती झाली. हे राजकीय नाते जगजाहीर असूनही ग्रामस्थांनी त्यांचेच नाव घेतले. त्या ग्रामस्थांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचा विश्वास एका व्यक्तीवर होता, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या व्यवस्थेत लोक वकिलाच्या नावासाठी उपोषण करतात आणि जिल्हा सरकारी वकील या पदावर विसंबत नाहीत, त्या व्यवस्थेत ते पदच निस्तेज झालेले असते. प्रत्येक गावाला नामांकित वकील मिळणार नाही. प्रत्येक गावाला सरकारी वकील मात्र कायद्यानेच दिलेला आहे.

हे पद असे का झाले? सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे, मंत्र्याचा तर नव्हेच. तो न्यायालयाला सत्याप्रत जाण्यास साहाय्य करणारा अधिकारी आहे, आणि आरोपीला अनुकूल असलेला पुरावाही दडवून ठेवण्याचा त्याला अधिकार नाही. हे तत्त्व १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने स्वीकारले. तरीही महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांतील अभियोक्ते दीर्घकाळ पोलीस खात्याच्याच अधिपत्याखाली राहिले. अखेर १९९५ मध्ये, शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की सहायक सरकारी अभियोक्त्यांचा संवर्ग पोलिसांच्या प्रशासकीय व शिस्तविषयक नियंत्रणातून मुक्त करावा. त्यापूर्वी, १९८१ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने संहितेत दुरुस्ती करून सरकारी वकिलांच्या नेमणुकीतील न्यायसंस्थेशी विचारविनिमयाची अटच काढून टाकली होती. जिल्ह्याच्या पॅनेलसाठी सत्र न्यायाधीशांचा सल्ला घेण्याऐवजी राज्य सरकारची मान्यता घ्यावी, असे ठरले. म्हणजे ज्याची नेमणूक सरकारच्या मर्जीवर, त्याने सरकारच्या माणसांवरील खटले निर्भयपणे चालवावेत, अशी अपेक्षा! १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या मूळ पाठात सत्र न्यायाधीशांच्या विचारविनिमयाची तरतूद आहे. ती कागदावर राहते की व्यवहारात येते, हे पाहण्याचे काम जागृत लोकमताचे आहे.

लेखणीचा पहिला अधिकार लिहिण्याचा, तसा दुसरा न लिहिण्याचा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. इतक्या मुली काही आकाशात विरून गेल्या नव्हत्या. सोनोग्राफीची यंत्रे जिल्ह्यातच होती, ती चालविणारे हातही जिल्ह्यातच होते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदाही होता. पण या कायद्याखाली न्यायालय स्वतः होऊन दखल घेत नाही. समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे प्रायः आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याने, तक्रार करावी लागते. त्याची लेखणी थबकली की कायदाही थबकला. २०१२ मध्ये परळीच्या एका रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका स्त्रीचा मृत्यू झाला, तेव्हा सारा महाराष्ट्र जागा झाला. डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली ती २०१९ मध्ये. मात्र याच कायद्यात एक वाट कार्यकर्त्यांसाठीही आहे. प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस देऊन कोणीही व्यक्ती वा सामाजिक संस्था स्वतः न्यायालयात तक्रार करू शकते. ही वाट जिल्ह्यातील किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

तिसरा अधिकार खटला मागे घेण्याचा. जुन्या संहितेतील कलम ३२१ आता नव्या संहितेत कलम ३६० झाले आहे. न्यायालयाच्या संमतीने सरकारी वकील कोणताही खटला निकालापूर्वी मागे घेऊ शकतो. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सरकारी वकिलाच्या स्वतंत्र बुद्धीचा. व्यवहारात तो मंत्रिमंडळाच्या ठरावाचा. मराठवाड्याने याचा कटू अनुभव घेतला आहे. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर या भागातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. अशा अत्याचारांना आळा बसावा म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. आणि १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने, खोट्या तक्रारी झाल्या आहेत असे म्हणून, मराठवाड्यातील या कायद्याखालचे हजाराहून अधिक खटले मागे घेण्याचा निर्णय घेतला. खोटी तक्रार असेल तर तिची शहानिशा न्यायालयात होते, एकेका खटल्याच्या गुणावगुणांवर होते. हजार खटले एकदम खोटे कसे ठरतात? तेथे एकेका फिर्यादीची तपासणी झाली नाही. फिर्यादींची जात पाहिली गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु साथींनो, दुसऱ्याच्या दारातील कचरा दाखविताना स्वतःच्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. याच कलम ३२१ चा लाभ समाजवादी चळवळीने घेतला आहे. आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज फर्नांडिस व त्यांच्या सहकाऱ्यांना बेड्या घालून न्यायालयात उभे केले होते. मार्च १९७७ मध्ये सत्तांतर झाले आणि तो खटला मागे घेण्यात आला. १९८० मध्ये राजेंद्रकुमार जैन यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हे मागे घेणे वैध ठरविले. सार्वजनिक न्यायाच्या व्यापक हेतूत राजकीय व सामाजिक कारणेही बसू शकतात, असे तत्त्व सांगितले. तो निर्णय योग्यच होता, कारण हुकूमशाहीला विरोध हाच तेथे मूळ गुन्हा मानला गेला होता. पण त्याच निकालपत्रात दुसरेही एक प्रकरण होते. आणीबाणीतील संरक्षणमंत्री बन्सीलाल यांच्यावरील हरियाणातील खटला. सत्तेचे चक्र पुन्हा फिरल्यावर तोही मागे घेण्यात आला होता, आणि तेही त्याच तत्त्वाने वैध ठरले. ज्याने तुरुंग भोगला तो आणि ज्यांच्या राजवटीने तुरुंग भरले ते, दोघेही एकाच कलमाच्या दाराने बाहेर पडले! ज्या अधिकाराला निकष नसतो त्याची हीच गती होते.

म्हणूनच २०२१ मधील दोन निर्णय महत्त्वाचे ठरतात. केरळ विधानसभेत २०१५ मध्ये झालेल्या मोडतोडीचा, डाव्या आमदारांवरील खटला मागे घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पुढच्याच महिन्यात त्याने असा आदेश दिला की आजी-माजी खासदार व आमदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेऊ नयेत. पहिला निर्णय डाव्यांच्या विरोधात गेला म्हणून तो वाईट ठरत नाही. सभागृहातील बाके मोडणे हा जनआंदोलनाचा भाग नव्हे, हे मान्य करण्याचे धैर्य डाव्या विचाराच्या माणसाने दाखविले पाहिजे.

बीडमध्येच ऑक्टोबर २०२३ अखेर आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी माजलगाव व बीड येथे लोकप्रतिनिधींची घरे पेटविली गेली. अशा काळात शेकडो तरुणांवर गुन्हे दाखल होतात. त्यांत प्रत्यक्ष जाळपोळ करणारे असतात, तसे केवळ जमावात उभे असलेलेही असतात. आंदोलनातील खटले मागे घेण्यासाठी राज्य सरकार वेळोवेळी निकष ठरविते. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचे नुकसान ठराविक मर्यादेच्या आत असावे, असे ते असतात. निकष असणे हे स्वागतार्ह आहे. मात्र ते सर्व आंदोलनांना सारखे लागू झाले पाहिजेत. रास्ता रोको करणारा शेतकरी, किमान वेतनासाठी धरणे धरणारी अंगणवाडी सेविका, दरवाढीसाठी कोयता बंद ठेवणारा ऊसतोड मजूर आणि संख्याबळ असलेल्या समाजाचा तरुण यांना एकच माप लागते काय? ज्यांच्या मतांची भीती वाटते त्यांचे खटले मागे घेतले जातात आणि ज्यांची वाटत नाही त्यांना वर्षानुवर्षे तारखा मिळतात, ही स्थिती न्यायाची नव्हे.

आता चौथ्या अधिकाराकडे वळावे. तो म्हणजे गुन्हा कबुलीच्या सौद्याचा, ज्याला इंग्रजीत प्ली बार्गेनिंग म्हणतात. १९७६ मध्ये महाराष्ट्रातीलच भेसळयुक्त खाद्यतेलाच्या एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा सौद्यावर कठोर टीका केली होती. व्यापाऱ्याने गुन्हा कबूल करावयाचा, बदल्यात किरकोळ शिक्षा पदरात पाडून घ्यावयाची, आणि ज्यांच्या पोटात ती भेसळ गेली त्यांना पत्ताही लागू नये, असा तो प्रकार. पुढे संसदेने २००५ मध्ये दुरुस्ती केली आणि जुलै २००६ पासून सौदा कायदेशीर झाला. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे तसेच स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. न्यायालयांतून आजही त्याचा वापर अत्यल्प होतो. पण नव्या संहितेने त्याला जे गणित जोडले आहे ते नीट तपासले पाहिजे.

एका मजुरावर साध्या चोरीचा आरोप आहे असे समजा. कमाल शिक्षा तीन वर्षे. पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल तर सौद्यात न्यायालय त्याला एक षष्ठांश, म्हणजे सहा महिने, शिक्षा देऊ शकते. कच्च्या कैदेतील दिवस त्यातून वजा होतात. उलट त्याने गुन्हा नाकारला आणि जामीनदार मिळाला नाही, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, म्हणजे एक वर्ष, तुरुंगात काढल्यावर त्याला सुटण्याचा हक्क मिळतो. म्हणजे सहा महिने कच्च्या कैदेत राहिलेल्या या माणसाने ‘होय, मीच चोरी केली’ असे म्हटले तर तो आज घरी जातो. ‘मी निर्दोष आहे’ असे म्हटले तर आणखी सहा महिने आत राहतो. हा सौदा दोन समान पक्षांतील आहे काय? ज्याच्याजवळ जामीनदार आहे त्याला सौद्याची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याच्याजवळ सौदा करण्याजोगे स्वतःच्या निर्दोषपणाखेरीज दुसरे काही नाही.

बीड जिल्ह्यातून दर हंगामात लक्षावधी मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी दिवाळीच्या सुमारास निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या काळात पडलेली तारीख चुकते आणि वॉरंट निघते. अशा माणसाला कोणी सांगितले की ‘कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो’, तर तो कबूल करतो. आष्टी-पाटोद्याकडच्या पारधी वस्तीतील तरुणाची गत याहून बिकट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा कलंक तो कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही पुसला गेलेला नाही. एकदा कबुली दिली की ती पुढच्या प्रत्येक संशयाच्या वेळी ठाण्याच्या कागदांतून वर येते. शिवाय सौद्याने झालेल्या निकालावर नेहमीचे अपील नाही. दंड भरून मोकळा झालेला माणूस वस्तुतः जन्मभरासाठी बांधला गेलेला असतो.

अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी अशा कबुलीतूनच होतात. तेथे केंटकी राज्यात पॉल हेज नावाच्या माणसावर ८८ डॉलरच्या बनावट धनादेशाचा आरोप होता. अभियोक्त्याने त्याला सांगितले, पाच वर्षांची शिक्षा पत्कर, नाही तर सराईत गुन्हेगाराचे कलम लावतो. त्याने नकार दिला आणि जन्मठेप भोगण्याची पाळी त्याच्यावर आली. १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हेही वैध ठरविले. कलम लावण्याचा अधिकार आणि सौद्याचा अधिकार एकाच हाती आले की न्यायाधीश केवळ शिक्का मारणारा उरतो, हा त्याचा धडा आहे.

येथे मोक्क्याविषयीही एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मस्साजोगच्या आरोपींना मोक्का लागला तेव्हा पुष्कळांना समाधान वाटले आणि ते समजण्याजोगे होते. पण या कायद्यात पोलीस अधीक्षकासमोरील कबुली पुरावा ठरते, जामीन दुरापास्त होतो आणि तो लावण्याची मंजुरी वरिष्ठ पोलीस अधिकारीच देतात. मिसा, टाडा आणि पोटा यांचा इतिहास ज्या चळवळीने भोगला, तिने कठोर कलमाचा जयजयकार करताना भान सोडता कामा नये. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हा डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला तो याच भानातून. आज गुंडाविरुद्ध उचललेली तीच लेखणी उद्या कामगार पुढाऱ्याविरुद्ध उचलली जाऊ शकते.

तर मग उपाय काय? अभियोक्त्याचा विवेकाधिकार नाहीसा करता येणार नाही. प्रत्येक किरकोळ तक्रारीवर खटला चालविणे शक्य नाही, इष्टही नाही. विवेकाला स्थान नसलेला कायदा गरिबालाच अधिक चिरडतो. मागणी आहे ती विवेकाची कारणे उघड असण्याची. मागे घेतलेल्या प्रत्येक खटल्याची यादी कारणांसह जिल्ह्याच्या ठिकाणी प्रसिद्ध व्हावी. सरकारी वकिलांच्या निवडीत सत्र न्यायाधीशांचा सल्ला खरोखर घेतला जावा आणि पक्षकार्यकर्तेपण ही त्या पदाची पात्रता मानली जाऊ नये. आरोपीने कायदेशीर मदतीच्या वकिलाशी एकांतात बोलल्याखेरीज कबुलीचा सौदा स्वीकारला जाऊ नये.

आणि सरकार हे करील म्हणून वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, असे नव्या संहितेचे कलम ३६० सांगते. आरोपी सुटला किंवा कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरला, तर २००९ च्या अखेरीपासून पीडिताला स्वतः अपील करता येते. सरकारच्या इच्छेची वाट पाहावी लागत नाही. अत्याचार प्रतिबंधक नियमांनुसार पीडिताची इच्छा असल्यास जिल्हाधिकारी त्याच्यासाठी ज्येष्ठ वकील नेमू शकतात. कोठडीतील कोणालाही, तसेच दलित, आदिवासी व स्त्रियांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे चारही हक्क कायद्यात लिहिलेले आहेत. पण वस्तीवर जाऊन ते सांगणारा आणि तारखेच्या दिवशी पीडिताबरोबर न्यायालयाच्या ओसरीत बसणारा माणूस लागतो.

मोर्चा एक दिवसाचा असतो, खटला सात-आठ वर्षांचा. मोर्च्याच्या दिवशी गर्दी असते. पंचविसाव्या तारखेला साक्षीदार एकटा असतो, आणि तो फितूर होतो तो बहुधा त्याच दिवशी. केज, परळी, माजलगाव, गेवराई, अंबाजोगाई येथील प्रत्येक न्यायालयात निदान एक कार्यकर्ता असा असावा की ज्याच्या वहीत आपल्या तालुक्यातील अत्याचाराच्या प्रत्येक खटल्याची पुढची तारीख लिहिलेली आहे. सरकारी लेखणी काय लिहिते हे त्या वहीवरून कळेल, आणि आपल्यावर कोणाचे लक्ष आहे हे त्या लेखणीलाही कळेल.